ओके जॅझ ३३ वर्षं तसाच कसा वाजत राहिला

प्रश्न थोडक्यात असा: किन्शासाचा ओके जॅझ हा बँड १९५६ मध्ये सुरू झाला आणि त्याचा म्होरक्या फ्रँको याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९८९ पर्यंत, वाजत राहिला. या ३३ वर्षांत गायक-वादक डझनांनी आले आणि गेले. तरीही कुठलंही गाणं लावलं की अर्ध्या मिनिटात बँड ओळखू येतो. हे जमलं कसं? आणि तीन गिटार, बास, ड्रम व दोन गायक एवढ्या बळावर आपल्याकडच्या एखाद्या गटाला हे संगीत वाजवायचं असेल, तर सुरुवात कुठून करावी?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ओके जॅझमध्ये प्रत्येक वाद्याला लहानसं, नेमून दिलेलं काम होतं. ते काम एकाने सोडलं तर दुसऱ्याला शिकवता येत असे. माणूस गेला तरी त्याचं काम जागेवर राहायचं. त्यामुळे वाजवायला बसताना आधी ही कामं समजून घ्यावी लागतात, आणि ती समजली की बँडचा इतिहासही उलगडतो. फक्त एका खुर्चीला दुसरा माणूस तयार झाला नाही. त्या खुर्चीकडे शेवटी येऊ.

आधी जन्मकथा, कारण आवाजाची मुळं तिथे आहेत. बेल्जियन काँगोची राजधानी तेव्हा लेओपोल्डव्हिल म्हणून ओळखली जायची. किन्शासा हे नाव १९६६ मध्ये आलं. तिथल्या ओके बारमध्ये ६ जून १९५६ रोजी बँड पहिल्यांदा उभा राहिला. बारचा मालक ऑस्कर काशामा, त्याच्या नावाची आद्याक्षरं ओ आणि के. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवर ज्याँ सर्ज एसू, गायनात विकी लाँगोम्बा आणि रोसिनॉल, गिटारवर फ्रँको, तुंब्यावर म्हणजे काँगा ढोलावर देस्वाँ. फ्रँकोचं पूर्ण नाव फ्रान्स्वा लुआम्बो माकियादी. जन्म ६ जुलै १९३८, सोना बाता. म्हणजे त्या दिवशी त्याला अठरा पुरे व्हायला एक महिना बाकी होता. पण तोवर तो गावात नवखा राहिला नव्हता. आई बाजारात तळलेले पिठाचे गोळे विकायची, देवायों नावाच्या थोराड मित्राकडून तो गिटार शिकला, आणि पंधराव्या वर्षी, १९५३ मध्ये, लोनिंगिसा या ग्रीक व्यापारी पापादिमित्रिऊच्या कंपनीसाठी त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं होतं.

त्याच १९५३ मध्ये जोसेफ काबासेले, म्हणजे ग्रँड काले, याचा आफ्रिकन जॅझ सुरू झाला. पुढची दहा-बारा वर्षं शहरातले रसिक या दोन घराण्यांत विभागलेले होते. दोघांचाही पाया एकच: जहाजांवरून आलेल्या क्युबन तबकड्या. क्युबातली गाणी मुळात काँगोतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या तालावर उभी होती, त्यामुळे ती परत आली तेव्हा इथल्या माणसांना परकी वाटली नाहीत. आफ्रिकन जॅझचा गिटारवादक डॉक्टर निको एकेक स्वर मोत्यांसारखा ओवायचा. गोड, गुळगुळीत, शहरी. फ्रँकोचा हात खडबडीत. तो अंगठा आणि तर्जनीने दोन तारा एकदम ओढायचा, धातूसारखा आवाज काढायचा आणि एकच तुकडा ऐकणारा हलेपर्यंत फिरवत राहायचा. या शैलीला किन्शासात ओडेम्बा म्हणतात. ओके जॅझची ओळख म्हणजे ही ओडेम्बा. बँडमधल्या प्रत्येक नव्या गिटारवादकाला आधी ती आत्मसात करावी लागे, मग स्वतःचं काही.

आता मुद्द्याचं. या संगीताला काँगोली रुंबा म्हणतात आणि त्याचं गाणं दोन तुकड्यांत चालतं. पहिल्या तुकड्यात संथ लयीत शब्द येतात, दोन-तीन गायक मिळून सुरावट धरतात, सॅक्सोफोन ओळींच्या मधल्या जागा भरतात. मग एक खूण येते आणि दुसरा तुकडा सुरू होतो: सेबेन. इथे शब्द जवळजवळ संपतात, तीन-चार स्वरसमूहांचं (कॉर्डचं) छोटं चक्र फिरत राहतं आणि गिटार एकमेकींत विणल्या जातात. लोक नाचायला उठतात ते इथे. सेबेनला वळण लावण्याचं श्रेय फ्रँकोच्या आधीच्या पिढीतल्या हेन्री बोवानला देतात. १९४८ मध्ये गायक वेंडो कोलोसोयबरोबर त्याने मुद्रित केलेलं 'मारी-लुईझ' हे गाणं अजूनही लोकांच्या तोंडी आहे.

सेबेनमध्ये गिटारांची वाटणी अशी. ऱ्हिदम गिटार चक्र धरते. सोलो गिटार वरच्या पट्टीत बोलते. या दोघींच्या मधोमध तिसरी, मी-सोलो. तिचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती स्वरसमूह सलग छेडत नाही आणि एकटी धावतही नाही. दोन तारांचा एक छोटा नमुना न थांबता फिरवत राहते. विणकामातला आडवा धागा समजा. ऱ्हिदम आणि सोलो एवढंच वाजलं तर दोन वेगळी वाद्यं ऐकू येतात. मी-सोलो आली की कान कुठली गिटार कुठे संपते हे सांगू शकत नाही. ही जागा ओके जॅझमध्ये पक्की झाली आणि १९६१ पासून बँडमध्ये असलेल्या सिमारो लुतुम्बासारख्या वादकांनी ती वर्षानुवर्षं सांभाळली.

सरावाला सी ही पट्टी घ्या. सी म्हणजे सा धरला की आपल्याला हिशेब सोपा जातो. चक्र: सी, एफ, जी, एफ. लय १६ ठोक्यांच्या एका फेरीत मोजा आणि प्रत्येक स्वरसमूहाला ८ ठोके द्या, म्हणजे पूर्ण चक्र ३२ ठोक्यांचं, दोन फेऱ्यांचं. टाळी १, ४, ७, ११ आणि १३ वर. पाय १, ५, ९, १३ वर. टाळी आणि पाय फक्त १ आणि १३ वर एकत्र येतात. बाकी तीन टाळ्या पावलांच्या मधल्या जागांत पडतात. सोळा आकडा ऐकून तीनताल मनात येईल, पण तो बाजूला ठेवा. इथे सम-खालीचा खेळ नाही, नवव्या ठोक्यावर काही रिकामं होत नाही. पाचही टाळ्या मिळून एक घडण आहे आणि ती शेवटपर्यंत बदलत नाही. हे टाळी-पाय गटातल्या प्रत्येकाला, गायकांनासुद्धा, वाद्य हातात घेण्याआधी बोलता बोलता जमायला हवं. पहिली पूर्ण बैठक यातच गेली तरी चालेल.

मग ऱ्हिदम. सगळ्या सहा तारा छेडू नका. बारीक चार पुरेत. छेडली की डाव्या हाताची पकड लगेच सैल करून आवाज तोडा. स्वर लांबला की मी-सोलोची जागा गेली.

मी-सोलोसाठी तिसरी आणि पहिली तार. सी पट्टीत या दोन तारांवर मिळणाऱ्या जोड्या पाठ करा, खालचा स्वर तिसऱ्या तारेवर आणि वरचा पहिल्या तारेवर: दोन्ही तारा मोकळ्या म्हणजे प–ग, तिसरी दुसऱ्या पडद्यावर, पहिली पहिल्यावर म्हणजे ध–म, चौथ्या-तिसऱ्यावर नि–प, पाचव्या-पाचव्यावर सा–ध, सातव्या-सातव्यावर रे–नि, नवव्या-आठव्यावर ग–सा, दहाव्या-दहाव्यावर म–रे. फ्रँकोच्या हातातला तो भरीव, किंचित बोचरा आवाज या जोड्यांतून येतो. आपल्या चक्रासाठी यातल्या तीनच लागतील: सी वर ग–सा, एफ वर सा–ध, जी वर रे–नि. हात पाचव्या ते नवव्या पडद्याच्या आतच राहतो.

अंगठा तिसऱ्या तारेवर, तर्जनी पहिल्यावर, पिक नको. सरावासाठी हा नमुना बसवा: प्रत्येक स्वरसमूहाच्या आठ ठोक्यांपैकी पहिल्यावर दोन्ही तारा एकदम, तिसऱ्यावर तर्जनी, चौथ्यावर अंगठा, सहाव्यावर पुन्हा दोन्ही, सातव्यावर तर्जनी. दुसरा, पाचवा आणि आठवा मोकळे. हा नमुना कुठल्या एका गाण्यातून घेतलेला नाही, हाताला वळण लागावं म्हणून आहे. मेट्रोनोमवर पावलाची लय ७० ठेवून सुरू करा, रोज थोडी चढवत ११० पर्यंत न्या. त्यापुढे जायची घाई नको. ओके जॅझ नंतरच्या बँडांसारखा सुसाट कधीच नव्हता. त्याचा सेबेन डुलतो.

काँगोली गिटारवादकांची एक युक्ती इथे कामी येते. मी-सोलोच्या गिटारवरची चौथी तार काढून तिथे पहिल्या तारेच्या जाडीची बारीक तार लावतात आणि ती नेहमीच्या रे पेक्षा एक सप्तक वर मिळवतात. याला मी-कोंपोझे म्हणतात. १० ची साधी तार घेतली तर ती पहिल्या तारेपेक्षा एक स्वर खाली बसते, ताण सुरक्षित राहतो. दोन अडचणी येतात. चौथ्या तारेची खाच जाड तारेसाठी कापलेली असते, त्यामुळे बारीक तार तिच्यात हलते आणि झणझणते. खाचेत कागदाची बारीक घडी घाला. दुसरं, बाराव्या पडद्यावर तार चढी बोलली की घोडी मागे आणि उतरलेली बोलली की पुढे सरकवायची असते. इथे बारीक तारेमुळे स्वर बहुधा उतरलेला येतो, तेव्हा चौथ्या तारेची घोडी थोडी पुढे, मानेकडे घ्या. हे करायला वेगळी, स्वस्त गिटार राखून ठेवणं बरं.

सोलो गिटारने आठ चक्रं होईपर्यंत आत यायचं नाही. आली की दोन फेऱ्यांचा एक तुकडा निवडायचा आणि तो तसाच आठ वेळा म्हणायचा. नवव्यांदा शेवटचा स्वर बदलायचा. पुन्हा चार वेळा. रॉक किंवा ब्लूजवर वाढलेल्या हाताला हे शिक्षा वाटते, पण नाचणाऱ्याच्या शरीराला तो तुकडा ओळखीचा व्हायला तेवढा वेळ लागतो. बदल ऐकू येण्यासाठी आधी न बदलणं ऐकू यावं लागतं.

बासने प्रत्येक पावलावर स्वर ठेवायचा नाही. आठ ठोक्यांत पहिल्यावर मूळ स्वर, चौथ्यावर पंचम, सातव्यावर पुन्हा मूळ, मधे शांतता. ड्रमवाल्याने स्नेअरच्या कडेवर टाळीची घडण धरावी, झांज हलकी. सुरुवातीच्या ओके जॅझमध्ये ड्रमसेट नव्हताच; तुंबा आणि मराकस, म्हणजे खुळखुळे, यांवर काम भागायचं. तुमच्याकडे मराकस वाजवणारा असेल तर एका गायकाच्या हातात ते द्या, फरक लगेच कळेल. सॅक्सोफोन नसतील तर त्यांची जागा रिकामी राहू द्या. की-बोर्डने ती भरली की सगळी वीण झाकली जाते.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीत. तिन्ही गिटार सारख्याच मोठ्या ठेवल्या की गोंधळ होतो. मी-सोलो सर्वांत पुढे ऐकू यायला हवी, ऱ्हिदम तिच्या मागे, सोलो फक्त बोलताना वर. ॲम्प्लिफायर स्वच्छ ठेवा. डिस्टॉर्शन बंद, रिव्हर्ब अगदी नावाला. घोडीजवळचा (ब्रिज) पिकअप घ्या, नाहीतर बासच्या प्रदेशात गिटार शिरते. दुसरा घोटाळा लय पळण्याचा. तो सुरू करतो मी-सोलोवाला, कारण मोकळ्या सोडायच्या ठोक्यांवर त्याचा धीर सुटतो. त्याला ते ठोके तोंडाने म्हणायला लावा. तिसरा, सेबेनमध्ये शिरताना प्रत्येकजण वेगळ्या ठोक्यावर उडी मारतो. खूण आधी ठरवा: गायकाची हाक, किंवा सगळ्यांनी चौथ्या स्वरसमूहावर थांबून सोलो गिटारने एकट्याने दिलेली दोन फेऱ्यांची सुरुवात.

एवढं बसलं की एक गोष्ट सहज ध्यानात येते. मी-सोलोवाला आजारी पडला तर दुसरा गिटारवादक दोन दिवसांत उभा करता येतो, आणि गटाचा आवाज फारसा हलत नाही. ओके जॅझ याच आधारावर टिकला. आता माणसांची ये-जा बघा.

पहिल्या वर्षाच्या आसपासच एसू आणि रोसिनॉल दुसऱ्या कंपनीच्या रॉक-ए-माम्बो या बँडकडे गेले. १९५९ मध्ये नदीपलीकडच्या ब्राझाव्हिलमध्ये बांतू द ला कॅपिताल उभा राहिला तो एसू आणि पांदी अशा जुन्या ओके जॅझवाल्यांच्या जोरावर. १९६० च्या जानेवारीत स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी काँगोचे पुढारी ब्रसेल्सला गेले तेव्हा आफ्रिकन जॅझही तिथे गेला आणि ओके जॅझचे विकी आणि ब्राझोस त्याच्यासोबत गेले. तिथेच 'अँदेपाँदाँस चा चा' हे गाणं तयार झालं. नंतर विकी परत आला आणि फ्रँकोने त्याला परत घेतलंही. गेलेल्याला दार बंद न करणं ही फ्रँकोची जुनी रीत, आणि बँड टिकण्यात तिचा वाटा मोठा आहे. १९६३ मध्ये आलेला सॅक्सोफोनवादक व्हर्किस १९६९ मध्ये गेला, त्याने स्वतःचा बँड आणि पुढे प्रकाशन कंपनी काढली. व्हर्किसचा सॅक्स इतका लोकप्रिय होता की तो गेल्यावर ओके जॅझ बसेल असं वाटावं. बसला नाही. सॅक्सोफोनच्या खुर्च्या भरल्या गेल्या; त्यांत मूळ रोडेशियातून आलेला आयझॅक मुसेकिवा वर्षानुवर्षं होताच.

सत्तरचं दशक हे गायकांचं. १९७२ मध्ये सॅम मांग्वाना प्रतिस्पर्धी ताबू ले रोशरोच्या गोटातून आला. मग जॉस्की, वुता मायी, आणि १९७५ मध्ये न्दोम्बे, तोही ताबू लेकडूनच. गिटारवर पापा नोएल १९७८ मध्ये. मादिलू सिस्टम १९८०. ऐंशीच्या दशकात माणसं तिसाच्या पुढे गेली. एक तुकडी किन्शासात वाजवत असे, तिचा कारभार सिमारोकडे. दुसरी फ्रँकोबरोबर युरोपात. एकाच नावाखाली दोन देशांत दोन बँड, आणि दोन्हींचा सेबेन ओळखीचा.

पैशाची बाजू कळल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. किन्शासात वाद्यं वादकाची नसत, बँडमालकाची असत. महागडी विजेची गिटार, ॲम्प्लिफायर, माईक घेण्याची ऐपत असलेला माणूस म्हणजे मालक. बाकीचे त्याच्या पगारावर. बँड सोडायचा म्हणजे वाद्य ठेवून बाहेर पडायचं. म्हणून बाहेर पडलेले बहुतेक जण कुठल्यातरी धनिकाच्या किंवा कंपनीच्या आधाराने पडत, आणि तो आधार सुटला की वर्ष-दोन वर्षांत त्यांचा नवा बँड विरून जाई. फ्रँको स्वतः लोनिंगिसाच्या गिटारवर वाढला होता, त्याला ही नस पक्की ठाऊक होती. साठच्या दशकात त्याने एपान्झा माकिता हे स्वतःचं लेबल काढलं, मग एदिस्यों पॉप्युलेर. सत्तरच्या दशकात देशाचा हुकूमशहा मोबुतूने परदेशी मालकीचे धंदे देशी लोकांना वाटले तेव्हा माझादिस हा तबकड्या छापण्याचा कारखाना फ्रँकोच्या हाती आला. आन-दू-त्र्वा हा त्याचा स्वतःचा क्लबही होता. वाद्यं, लेबल, छापखाना आणि वाजवायची जागा, साखळीतल्या चारही कड्या एका माणसाकडे. इतरांकडे एखाददुसरी असे.

याची किंमत होती आणि ती वादकांनी दिली. श्रेय आणि पैसा वरच्या माणसाकडे ओढला जाई. आवरणावर मोठ्या अक्षरात फ्रँको, आतलं गाणं भलत्याचं.

सत्तेशीही संबंध असाच दुहेरी. मोबुतूच्या 'अस्सलपणा'च्या मोहिमेत देशाचं नाव झाइर झालं, ख्रिस्ती नावं टाकायची सक्ती झाली, फ्रँको लोकांगा ला न्जू पेने लुआम्बो माकियादी झाला. बँड सरकारी दौऱ्यांवर गेला. सप्टेंबर १९७४ मध्ये मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या लढतीच्या निमित्ताने किन्शासात झालेल्या मोठ्या संगीत महोत्सवात जेम्स ब्राऊन आणि बी. बी. किंग यांच्याबरोबर ओके जॅझही वाजला. १९८४ मध्ये फ्रँकोने मोबुतूच्या उमेदवारीचा उघड प्रचार करणारं गाणं केलं. त्याच राजवटीने १९७८ मध्ये 'एलेन' आणि 'जॅकी' या दोन गाण्यांतल्या अश्लीलतेवरून त्याला आणि त्याच्या वादकांना तुरुंगात टाकलं होतं. त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध एकच निकाल देता येत नाही, आणि घाईने देऊही नये.

शब्दांच्या बाबतीत लिंगाला या काँगोतल्या भाषेतली एक संज्ञा लक्षात ठेवा: म्ब्वाकेला. आपल्याकडच्या 'लेकी बोले सुने लागे'ला इतका जवळचा शब्द दुसऱ्या भाषेत क्वचित सापडेल. गाणं दिसायला बेइमान प्रियकरावर किंवा भांडकुदळ शेजारणीवर असतं, आणि ऐकणाऱ्या शहराला नेमका माणूस कळतो. फ्रँको कित्येकदा बाईच्या तोंडून गायचा. १९८४ च्या 'मामू'मध्ये दोन बायकांची खडाजंगी तो आणि मादिलू असे दोन पुरुष भांडतात, पुढे तेच गिटार डुलत असतात. १९८५ चं 'मारियो' म्हणजे शिकलेला तरणा मुलगा, जो पैसेवाल्या मोठ्या वयाच्या बाईच्या जिवावर ऐष करतो. संतापलेला फ्रँको मधे मधे नुसता बोलतो, गातच नाही.

गाणी एवढी लांब कशी झाली, हेही तबकडीने ठरवलं. ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटं मावत. म्हणून गाणं दोन तुकड्यांत कापलं जाई. शब्द पहिल्या बाजूला, सेबेन उलटून दुसऱ्या बाजूला. सत्तरच्या शेवटी मोठ्या तबकड्या आल्या आणि बंधन गेलं. एका बाजूला दोन गाणी, कधी एकच. मी-सोलोला न थांबता दहा मिनिटं तोच नमुना धरायची वेळ आली ती तेव्हा. १९६९ मध्ये निघालेल्या झाइको लांगा लांगाच्या तरुणांनी सॅक्सोफोन काढून टाकले, सेबेन लांबवला आणि वेगवान केला. ओके जॅझने लांबी घेतली, पण सॅक्सोफोन आणि लय दोन्ही राखले. तो निर्णय मला बरोबर वाटतो. फॅशन बदलूनही हे मुद्रण जुनं वाटत नाही.

आणि ती खुर्ची. १९८७ मध्ये फ्रँकोने एड्सबद्दल सावध करणारं 'आतांसियों ना सिदा' केलं, फ्रेंच आणि लिंगाला मिसळून, उपदेशकाच्या आवाजात. तोवर त्याची स्वतःची तब्येत उतरू लागली होती. सप्टेंबर १९८९ मध्ये ॲमस्टरडॅमला तो शेवटचा मंचावर आला आणि १२ ऑक्टोबरला बेल्जियममधल्या नामूर इथे गेला. वय ५१. झाइरमध्ये चार दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. गिटार वाजवणारे होते, गायक होते, सिमारोसारखा कवी आणि संयोजक होता. नव्हता तो मालक. वाद्यं, नाव आणि हक्क आता कुटुंबाकडे, आणि वाजवणारे वेगळे. चारेक वर्षं सिमारोने गाडा ओढला, मग कुटुंबाशी मतभेद होऊन बँड फुटला. १९९४ मध्ये त्याने आणि जुन्या सोबत्यांनी बाना ओके, म्हणजे ओकेची मुलं, या नावाने नवा बँड उभा केला. सिमारो २०१९ मध्ये गेला.

ऐकायचं कसं? स्टर्न्स या लंडनच्या कंपनीचे 'फ्रँकोफोनिक' हे दोन संच, २००८ आणि २००९ चे, कालानुक्रमे लावलेले आहेत; सुरुवातीला तेवढे भरपूर झाले. इंटरनेटवर शोधताना ओके जॅझ, टीपी ओके जॅझ, फ्रँको, तिन्ही नावांनी पाहा. टीपी म्हणजे 'तू प्विसाँ', सर्वशक्तिमान, ही बिरुदावली मागाहून जोडलेली. वर्ष आणि गायक दोन्ही ठिकाणी चुकीचे दिलेले सर्रास सापडतात, तेव्हा आवाज ओळखायला शिका.

पहिलं १९५६ चं 'ऑन आंत्र ओके, ऑन सोर्त काओ' लावा: ओके होऊन आत या, गारद होऊन बाहेर पडा. बँडचं ब्रीदच ते. त्यात फक्त मराकस आणि टाळीची घडण यांच्यावर कान ठेवा. मग १९७३ चं 'आझदा', जे खरं तर फोक्सवॅगन विकणाऱ्या दुकानाची जाहिरात आहे. त्यात गायक 'व्हे-व्हे' म्हणू लागले की त्यांच्या खाली गिटारांची वीण बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट आहे. मग १९७४ चं 'माबेले', म्हणजे माती. शब्द सिमारोचे, आवाज मांग्वानाचा. सेबेनची वाट न बघता संथ भागात गायकांच्या मागे मी-सोलो किती कमी वाजवते ते मोजा. 'मारियो' सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा गिटार हातात घेऊन बसा. सेबेन लागला की वरचा नमुना त्यांच्या पट्टीत सरकवून सोबत धरा. पाच मिनिटांनी अंगठा दुखायला लागला तर तार ओढण्याऐवजी तुम्ही ती ढकलताय; मनगट जरा वर घ्या आणि पुन्हा पहिल्या ठोक्यावर या.